कागद फाटला पाहिजे

बाबालाल,

तुझ्या कबरीवर मी तीन मुठी माती टाकली, पण ती सगळी खाली पडली नाही. आदल्या दोन दिवसांच्या पावसाने आटपाडीच्या कबरस्तानातली काळी माती लोण्यासारखी झाली होती. अर्धी माझ्या तळहातालाच चिकटून राहिली. तू शेजारी उभा असतास तर माझ्या हाताकडे पाहून म्हणाला असतास, "हवालदार, ह्या मातीत गाडी घालायची तर आदी चाकाची हवा सोड." मला त्या जागी हसू आले. लोकांनी पाहिले. पाहू दे.

शोक कसा करतात ते मला ठाऊक नाही आणि साठी ओलांडल्यावर ते शिकण्याची इच्छाही नाही. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण राहिले, हे मी येथे लिहिणार नाही. मी लिहायला बसलो त्याला एकच कारण आहे. म्हसवडपासून आटपाडीपर्यंत गेले वर्षभर एक वाक्य हिंडते आहे : बाबालाल शिकलगाराने पाटे चोरले म्हणून हवालदाराची गाडी उलटली. तू गेलास तरी ते वाक्य गेले नाही. मय्यतीहून परतताना माझ्या मागून चालणाऱ्या दोघांच्या तोंडी ते मी पुन्हा ऐकले. माझा धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, मेल्या माणसाला आता काय फरक पडतो?"

मला पडतो. म्हणून हे मी छापायला देत आहे, माझ्या सहीने.

आपली ओळख एका कागदावरून झाली. पहिल्या लढाईत, बसऱ्याच्या वर, नदीकाठच्या तळावर. मी मोटार-तुकडीत ड्रायव्हर होतो, हवालदार नंतर झालो, आणि तू वर्कशॉपचा लोहार. सातारकडची बोली कानावर पडली म्हणून मी तुझ्या भट्टीपाशी येऊन बसू लागलो. त्या मुलखात पाऊस क्वचित पडे, पण पडला की जमिनीचा साबण होई. आमच्या लॉऱ्या आसापर्यंत रुतत. वर्कशॉपच्या साहेबाचे मत असे की पाटे कमजोर आहेत, आणखी घातले पाहिजेत. तू हातोडा खाली ठेवून म्हणालास, "साहेब, कम नहीं, ज्यादा है."

साहेब म्हणाला, दाखव.

ज्यांनी मोटारीच्या खाली कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी लिहितो. आसावर एकावर एक पोलादी पट्ट्यांची कमानदार थप्पी असते, तिच्यावर गाडी बसते. त्या पट्ट्या म्हणजे पाटे. पाटे जितके जास्त तितके ओझे जास्त पेलते, पण तितकी गाडी ताठही होते. ताठ गाडीचे पुढचे डावे चाक उंचवट्यावर चढले की मागचे डावे चाक जमीन सोडते. जमीन सोडलेले चाक जोरात फिरते आणि इंजिनाचा सगळा जोर तेच खाऊन टाकते. जमिनीवरचे चाक नुसते उभे राहते. मऊ गाडीचे तसे होत नाही. तिचे चाक खड्ड्यात उतरते, उंचवट्यावर चढते आणि जमिनीला धरून राहते.

हे तू साहेबाला सांगत बसला नाहीस. साहेबाच्या मेजावरचा एक कागद उचललास आणि रिकाम्या लॉरीच्या मागच्या डाव्या चाकापुढे जमिनीवर पसरलास. पुढच्या डाव्या चाकापुढे लाकडी ठोकळा ठेवलास. आम्ही सहा जणांनी लॉरी ढकलली. पुढचे चाक ठोकळ्यावर चढले, मागचे कागदावर आले. मग तू कागद ओढलास. तो सबंध निघून आला. दोन्ही बाजूंचे दोन दोन पाटे तू काढलेस, पुन्हा लॉरी ढकलवलीस आणि पुन्हा कागद ओढलास. अर्धा तुझ्या हातात आला आणि अर्धा चाकाखाली राहिला.

"कागद फाटला पाहिजे, साहेब," एवढेच तू म्हणालास.

तो त्या दिवसाचा हुकूमनामा होता. साहेबाने सगळ्या लॉऱ्यांचे पाटे कमी करण्याचा हुकूम दिला आणि तुला तीन दिवस खंदक खणायला लावले. दोन्ही निर्णय मला त्या वेळी योग्य वाटले होते. आजही वाटतात.

त्यानंतर तीस वर्षे आपण भांडलो. एकमेकांच्या घरच्या लग्नात भांडलो, भट्टीपाशी भांडलो, सांगलीच्या पेठेत हळदीच्या ढिगाशेजारी उभे राहून भांडलो. माझे म्हणणे, गाडी ओझ्यासाठी असते. तुझे म्हणणे, गाडी जमिनीसाठी असते, ओझे नंतर. मी म्हणे, मऊ गाडी वळणावर डुलते, पोती ढासळतात. तू म्हणायचास, "पोती बांदायला दोर हाय. चाक जमिनीला बांदायला काय हाय, सांग की." आणि चाक जागच्या जागी फिरताना दिसले की तू ओरडायचास, "हवालदार, ते चाक न्हाई आता, पंका झाला. वारं घे जरा."

दुसरी लढाई संपल्यावर पुण्याच्या लष्करी लिलावात मी तो ट्रक घेतला. चारही चाकांना जोर असलेला, उंच, करड्या हिरव्या रंगाचा. तो आणायला तू माझ्याबरोबर होतास. सातारच्या वाटेवरचा खंडाळ्याचा घाट उतरेपर्यंत माझे दात एकमेकांवर आपटत होते, इतका तो रिकामा उडत होता. घाट संपल्यावर चहाला थांबलो, तर तू चहा सोडून गाडीखाली शिरलास. बाहेर फक्त तुझे पाय दिसत होते.

"नऊ," आतून आवाज आला. "नऊ पाटे. हवालदार, तू म्हसवडास्नं आटपाडीला तोफ न्हेनार हायस व्हय?"

"पोती नेणार आहे."

"मग पोत्यागत बसीव की तिला. ही नवरदेवागत ताठलीया."

चहावाला हसला. मला राग आला. पण घरी पोहोचल्यावर आठच दिवसांत तू ती सोडलीस. प्रत्येक पाटा वेगळा केलास, तापवून त्याची कमान नव्याने काढलीस, पाट्यांच्या मधे चरबी आणि शिशाची पूड चोळलीस, चिखल आत शिरू नये म्हणून वरून चामडे शिवलेस. थप्पी आवळणारे चाप सैल केलेस, म्हणजे चाकाला खाली उतरायला जागा राहावी. मागे सात पाटे ठेवलेस आणि प्रत्येक बाजूचे दोन काढून माझ्या पडवीत उभे केलेस. मग बाभळीचा ठोकळा आणि एक जुने वर्तमानपत्र मागवलेस. कागद फाटला. तू तो फाटका तुकडा माझ्या खिशात घातलास.

त्या गाडीने एक पावसाळा मी जे रस्ते काढले ते बैलगाडीवाल्यांनाही सुचले नव्हते. माणगंगेच्या काठचा रेंदा, ओढ्यांचे उतार, चाकोऱ्या गुडघाभर खोल. तुझी शिकवण मी पाळत होतो. चिखलाआधी हवा कमी करायची, चिखलात थांबायचे नाही आणि घाईही करायची नाही. चाक फिरू लागले की पाय उचलायचा, दाबायचा नाही. गाडी डुलत डुलत निघून जाई. तुला मी हे कधी सांगितले नाही. भेटलो की म्हणत असे, "वळणावर फार डुलते."

आता त्या दिवसाविषयी.

गेल्या वर्षीचा हस्त. म्हसवडचे अडत्ये रामलिंगशेट यांनी शेंगांची साठ पोती आटपाडीला न्यायला सांगितली. इतके ओझे मी त्या गाडीवर आधी घातले नव्हते. सात पाटे बसतील अशी माझी खात्री होती. पहाटे उठून, कोणाला न विचारता, तू काढलेले चारही पाटे मी माझ्या हाताने परत चढवले आणि चाप आवळून टाकले. मी तीस वर्षे गाड्या चालवल्या आहेत, पाना मला धरता येतो. काम नीट झाले. शेटच्या वखारीत गेलो तर साठ पोती नव्हतीच. पावसाने शेंगा भिजल्या होत्या. पंचवीस पोती मिळाली.

तेथेच पाटे उतरवायला हवे होते. निदान ठोकळा आणि कागद लावायला हवा होता. त्यासाठी फक्त वेळ लागला असता. पण शेटच्या माणसांसमोर सकाळी चढवलेले पाटे दुपारी उतरवणे मला कमीपणाचे वाटले. हे वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला आहे.

आटपाडी चार मैलांवर राहिली असता ओढ्याच्या उतारावर पुढचे डावे चाक दोन चाकोऱ्यांमधल्या वरंब्यावर चढले आणि मागचे डावे चाक अधांतरी राहिले. ते फिरू लागले. तो पंख्याचा आवाज मला ऐकू आला, आणि तुझाही. तरीही मी पाय दाबला. चाक फिरता फिरता खाली आले, पकडले, गाडीला आडवा झटका बसला आणि ती सावकाश, अगदी सावकाश, ओढ्यात कलंडली. पोत्यांवर हमाल शिदू बसला होता. त्याचा डावा पाय पोत्यांखाली आला. मांडीचे हाड मोडले. मला खरचटलेही नाही.

निरोप मिळताच तू आटपाडीहून पायी आलास. शिदूला बैलगाडीतून आधीच हलवले होते. तू गाडीभोवती फिरलास, वाकलास आणि मागच्या थप्पीकडे पाहिलेस. मी तुझ्याकडे पाहत होतो. तुझी बोटे पाट्यांच्या टोकांवरून एकेक करून फिरली, नवापर्यंत. तू वळून विचारलेस, "कागद लावला हुता का?"

मी म्हणालो, "नाही."

फौजदार आणि पंच रस्त्यावरून उतरताना दिसले. तू ओंजळीने ओढ्यातला चिखल उचललास आणि दोन्ही बाजूंच्या थप्प्यांवर थापलास, जसा भिंतीला गिलावा करतात तसा. पाट्यांची टोके दिसेनाशी झाली. फौजदाराने विचारले, गाडीचे काम कोणी केले? तू म्हणालास, "माज्या हातची हाय." शेटचे मुनीम पंचांत होते. ते म्हणाले, मिस्त्री पाटे काढतो हे सर्वांना ठाऊक आहे. पंचनाम्यात लिहिले गेले : पाटे कमी केल्यामुळे गाडी कलली. खाली गाडीच्या मालकाची सही लागते.

मी सही केली.

बैल लावून गाडी उभी केल्यावर तू तिथेच ओढ्यात बसून चारही पाटे काढलेस, पोत्यात गुंडाळलेस आणि खांद्यावर टाकून आटपाडीला निघालास. गावाने पाहिले. पाट्याच्या पोलादाचे उत्तम कोयते होतात हे या भागात सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून वाक्य तयार झाले : शिकलगार पाटे चोरून कोयते करतो.

महिन्याने मी तुला विचारले की चिखल का थापलास. तू भात्याची दोरी ओढत होतास. म्हणालास, "तुजं लायसन गेलं अस्तं. माजं काय जानार? लोहाराला लायसन लागत न्हाई."

तुझे काय गेले ते मी पाहिले. पंढरपूर-सांगलीच्या रस्त्यावरच्या गाड्या तुझ्या छपरापुढे थांबत, त्या थांबेनाशा झाल्या. तू विळे-खुरपी करू लागलास. फाळणीनंतरचे दिवस. कोणी खोचून विचारले, "मिस्त्री, कराचीला कवा निगायचं?" तू म्हणालास, "ही ऐरण उचलून देतुस का? देत अससील तर उद्या जातो." त्याने वाकून पाहिले. ऐरण हलली नाही. तूही हलला नाहीस. पाट्यांचे मात्र कोणी विचारले की तू गप्प राहायचास, आणि मी त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गप्प होतो. गाडी लिंबाखाली उभी करून ठेवली होती. वर्षभर आपण भेटत होतो, चहा पीत होतो, भांडत मात्र नव्हतो. तीस वर्षांचे भांडण मीच बंद पाडले, कारण त्यात पाट्यांचा शब्द आला असता. तुझी बाजू बरोबर होती की माझी, याचा निकाल त्या ओढ्यात लागला नाही. मी आजही म्हणतो, साठ पोत्यांना नऊ पाटेच हवेत. तू म्हणशील, "साठ हुती का?"

नव्हती.

तुझ्या तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला मी छपरात आलो. तुझा रशीद आता तीस वर्षांचा बाप्या आहे, पण तुझ्या ऐरणीमागे उभा राहिला की अवघडतो. त्याने भिंतीकडे बोट केले. चार पाटे उभे होते. पुसलेले, तेल लावलेले, गंजाचा ठिपका नाही.

"चाचा, हे कुणाचं? अब्बांनी कुणाला हात लावू दिला न्हाई. कोयत्याला मागितलं तरी न्हाई."

माझ्या आधी अमीनाबी बोलली. ती दारात बसली होती. "आवं भाऊजी, त्यास्नी इचारलं की म्हनायचे, हवालदाराचं हायती, हवालदार सोता येऊन न्हेतील. दर जुम्म्याला तेल लावायचे." मग म्हणाली, "तुमी आला न्हाई."

मी म्हणालो, "आता आलो आहे." आणि मग रशीदला आणि तिला सगळे सांगितले, वर लिहिले आहे तेवढे सगळे. रशीदने हातातला चिमटा खाली ठेवला. मला वाटले तो मला बाहेर काढील. त्याने विचारले, "मग गाडी कवा सोडायची?"

त्याआधी एक काम होते. शिदूच्या घरी गेलो. तो लंगडतो, पण वखारीत पोती शिवायचे काम करतो. त्यालाही सांगितले. त्याने सुईत सुतळी ओवली.

"मिस्त्री यायचे मला बघाय," तो म्हणाला. "दर हप्त्याला. यायचे, बसायचे, पाय दाबायचे. मला वाटायचं, चूक त्यांची हाय म्हून यत्यात. मी एकदा बोललोबी तसं तोंडावर." मग माझ्याकडे पाहून, "तुमी एकडाव आल्ता."

मी मान हलवली.

चार दिवसांपूर्वी रशीद हत्यारे घेऊन म्हसवडला आला. दोन दिवस गाडीखाली होता. सात पाटे, चरबी, शिशाची पूड, चामडे, सैल चाप. काल बाजाराचा दिवस होता. भर दुपारी मी गाडी पेठेत, रामलिंगशेटच्या वखारीसमोर आणून उभी केली आणि पंचवीस पोती मागितली. शेट गादीवरून म्हणाले, "हवालदार, तुमच्याबद्दल आदर हाय. पर त्या लोहाराच्या गाडीत माजा माल जानार न्हाई."

"आदर ठेवून घ्या," मी म्हणालो. "पोती रिकामी द्या."

ती त्यांनी दिली. नदीतली वाळू आम्ही गावाबाहेर भरून घेणार होतो. पण आधी ठोकळा मांडला. लोक जमले होते. मी खिशातून पंचनाम्याची नक्कल काढली, उलगडली, आणि जो मजकूर तुझ्याविषयी आहे तो मोठ्याने वाचला. त्याखालची माझी सही दाखवली. मग म्हणालो, "हे खोटे आहे. पाटे मिस्त्रीने कमी केले होते, पण त्या दिवशी गाडीत ते कमी नव्हते. मीच परत घातले होते. सही करताना मला ते माहीत होते. ज्यांना फौजदाराकडे जायचे असेल त्यांनी खुशाल जावे. माझे लायसन वरच्या खिशात आहे."

एक मागून म्हणाला, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय." दुसरा म्हणाला, "फिरलं असंल, पर थांबा, काय करतोय बगू तरी."

पंचनामा मी मागच्या डाव्या चाकापुढे जमिनीवर पसरला. दहा जणांनी गाडी ढकलली. पुढचे चाक बाभळीच्या ठोकळ्यावर चढले, मागचे कागदावर आले. रशीद पुढे झाला. मी त्याला थांबवले. माझ्या गुडघ्यांना वाकायला वेळ लागतो. वाकलो आणि ओढले.

मग वाळू भरली. पोती चढवायला शिदू आला, त्याला कोणी बोलावले नव्हते. शेवटचे पोते चढवून तो वरच बसून राहिला. मी खाली उतर म्हणालो.

"ह्याच गाडीनं पाय घेतलाय," तो वरून म्हणाला. "परत मागायचा तर हिच्यावरच बसाय लागंल. चला."

हस्त लागून चार दिवस झाले आहेत, मिस्त्री. ओढ्याचा उतार गेल्या वर्षीपेक्षा वाईट आहे. वरंबा तोच आहे. मी उताराआधी थांबून चारही चाकांची हवा कमी केली. मागून पेठेतले वीस-पंचवीस लोक सायकलींवर आणि एका टांग्यातून आले होते. ते काठावर उभे राहिले. त्यांना काय पाहायचे होते ते मला ठाऊक होते. रशीद माझ्या शेजारी बसला होता आणि त्याने दाराची दांडी धरली होती. पुढचे डावे चाक वरंब्यावर चढले. मी कान मागे लावला. पंखा वाजला नाही. मागचे चाक चाकोरीत उतरले, गाडी एका अंगावर खाली बसली, डुलली, भरपूर डुलली, आणि चालत राहिली. ओढ्यात चिखल गाडीच्या पायरीला लागला. पाण्यातून वर येताना एकदा मागचे चाक फिरू लागले. मी पाय उचलला. ते थांबले, पकडले. आम्ही वर आलो.

वर शिदू कोणालातरी उद्देशून ओरडत होता. त्याचे शब्द येथे छापण्यासारखे नाहीत.

आटपाडीत तुझ्या छपरापुढे गाडी उभी केली. अमीनाबी बाहेर आली, चाकांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चहा ठेवायला आत गेली. मागून आलेल्या टांग्यातून एक ड्रायव्हर उतरला. सांगलीचा माणूस, मी त्याला ओळखत नाही. त्याने रशीदला विचारले की त्याच्या गाडीचे पाटे कधी पाहता येतील. रशीद म्हणाला, "सोमवारी आना." आवाज तुझ्यासारखा नाही, पण सोमवार हा दिवस तू नेहमी सांगायचास.

भिंतीचे चार पाटे मी उतरवले आणि ऐरणीवर ठेवले. रशीदला म्हणालो, याचे कोयते कर. लोक म्हणतात बाबालालने पाट्यांचे कोयते केले, तर ते एकदा खरे होऊ दे. शिवाय ते माझ्या घरी परत गेले तर कधीतरी मी पुन्हा पहाटे उठेन. माझा माझ्यावर विश्वास नाही. पहिला कोयता मी घेतला आहे. धार चांगली आहे.

फौजदाराकडे कोणी गेले की नाही, अजून कळलेले नाही. गेले तर मी येथेच आहे.

ओढ्यात तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी तुला नाही असे उत्तर दिले होते. ते उत्तर बदलायला मला वर्ष लागले आणि तुझे मरण लागले. हे माफ करण्याजोगे नाही आणि तशी विनंती मी करणार नाही. उत्तर मात्र देतो.

लावला होता, बाबालाल. फाटला.